बिनतारी सुरक्षेची सुरुवात उसाच्या ट्रॉलीपासून व्हावी

कारखान्यांचे बॉयलर पेटले की कोल्हापूर जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता उसाचा होतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाटीपासून कागल, भुदरगड, गडहिंग्लजपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, अंगद गाड्या, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस गाडीतळाकडे निघालेल्या असतात. या जिल्ह्याचे अर्थकारण याच चाकांवर चालते. पण अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकून दुचाकीस्वार ठार झाल्याची बातमीही हंगामाबरोबरच येते. असे का घडते, हे कोणत्याही रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता येईल. मागच्या फळीबाहेर लोंबणारा ऊस टेल लॅम्प झाकतो. ट्रॅक्टरपासून शेवटच्या ट्रॉलीपर्यंत ओढलेली वायर शेतातल्या पहिल्याच हिसक्याला तुटते. हंगामाच्या तोंडावर समारंभपूर्वक चिकटवलेला रिफ्लेक्टर चिखलाने माखतो. टायर फुटला, तर मागे चार दगड आणि वाड्याचा भारा ठेवून चालक मदत शोधायला जातो. जगभरात आज वाहनांना बिनतारी संदेशांनी एकमेकांशी जोडण्याच्या तंत्रज्ञानाची चर्चा आहे. आपल्याकडे ती महागड्या मोटारींच्या जाहिरातींपुरतीच राहते. आमचे म्हणणे असे की, या तंत्रज्ञानाची खरी गरज रस्त्यावरच्या सर्वांत संथ आणि सर्वांत अंधाऱ्या वाहनाला आहे. म्हणून त्याची सुरुवातही तिथूनच झाली पाहिजे.

या तंत्रज्ञानाची कल्पना साधी आहे. प्रत्येक वाहनात एक छोटी पेटी असते. उपग्रहाच्या साह्याने ती आपले ठिकाण, वेग आणि दिशा ओळखते आणि ही माहिती सेकंदाला साधारण दहा वेळा रेडिओलहरींवरून आजूबाजूला पाठवते. सुमारे तीनशे मीटरच्या टापूतल्या वाहनांतली पेटी ती ऐकते, धडक होण्याची शक्यता आहे का याचा हिशेब करते आणि तशी असेल तर चालकाला सावध करते. ५.९ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातल्या या थेट संदेशाला मोबाइलचा टॉवर लागत नाही. आंबा घाटात किंवा गगनबावड्याच्या करूळ-भुईबावडा घाटांत फोनची रेंज जाते, धुके उतरते आणि दिव्याचा झोत दहा पावलांवर अडतो. तिथेही हा संदेश पोहोचू शकतो. डोंगराच्या कड्याआडून लहरी नीट जात नाहीत हे खरे, पण अवघड वळणावर खांबावर एक यंत्र बसवून संदेश पुढे देता येतो. कॅमेऱ्याला जे समोर आहे तेवढेच दिसते. रेडिओला उभ्या ट्रकच्या पलीकडचीही चाहूल लागते.

ही चाहूल किती मोलाची आहे, हे साध्या गणितातून कळते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. अडथळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिवे डिपर केले, तर बिनदिव्याची काळपट ट्रॉली इतक्या आधी दिसतच नाही. चालक निष्णात असो वा सावध, हा हिशेब त्याच्या बाजूने लागत नाही. तीनशे मीटरवर इशारा मिळाला तर मात्र त्याच्या हाती तेरा सेकंद येतात. २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजारांवर रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. महाराष्ट्रातल्या मृतांची संख्या १५ हजारांहून अधिक होती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसल्याने झाले. चालकाला हवे असलेले काही सेकंद वेळेवर न मिळणे, हे अशा धडकांचे एक मोठे कारण आहे.

मग इतके उपयोगी तंत्रज्ञान जगभर रुळले का नाही? अमेरिकेचा अनुभव इथे बोलका आहे. तिथे १९९९ मध्ये या कामासाठी रेडिओलहरींचा खास पट्टा राखून ठेवला गेला. २०१२ पासून मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर शहरात सुमारे अठ्ठावीसशे वाहनांवर मोठा प्रयोग झाला. चौकातल्या धडका टाळणाऱ्या दोनच सुविधा सर्व वाहनांत आल्या, तर वर्षाला हजाराच्या आसपास जीव वाचू शकतील, असा अंदाज तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०१४ मध्ये मांडला. डिसेंबर २०१६ मध्ये नव्या मोटारींना ही पेटी सक्तीची करण्याचा प्रस्ताव आला. तो वर्षानुवर्षे रेंगाळला आणि २०२३ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या काळात राखीव पट्ट्याचा मोठा भागही काढून घेण्यात आला. जपानमध्ये टोयोटाने २०१५ पासून आणि युरोपात फोक्सवॅगनने २०१९ च्या गोल्फपासून अशा यंत्रणा दिल्या. पण संदेश पाठवणाऱ्या गाड्या तुरळक असल्याने त्यांचा लाभही तुरळकच राहिला. सर्वांसाठी एकदम नियम होईल, मग बघू, असे म्हणत बसणाऱ्यांची दोन दशके वाया गेली, हा त्यातला धडा.

या अडचणीचे मूळ संख्येत आहे. शंभरातल्या दहा वाहनांत पेटी असेल, तर रस्त्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही वाहनांत ती असण्याची शक्यता शंभरात एक एवढीच उरते. निम्म्या वाहनांत बसवली तरी चारातली एकच भेट सुरक्षित होते. मग लोकांना पेटी निरुपयोगी वाटते, आणि कुणी घेत नाही म्हणून ती निरुपयोगीच राहते. हे चक्र तोडायचे, तर ज्यांना लोक धडकतात त्या वाहनांपासून सुरुवात करावी लागेल. जिल्ह्यातली प्रत्येक ऊस ट्रॉली संदेश पाठवू लागली, तर ऐकणारी वाहने शंभरात दहाच असली तरी त्या दहांना प्रत्येक ट्रॉलीची खबर लागेल. त्याच संख्येत लाभ दहापट होतो. एसटी बस, रुग्णवाहिका आणि मालट्रक यांनी ऐकणारी पेटी आधी घ्यावी. मोटारी मागून येतील. दुचाकीस्वाराचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि रस्त्यावर सर्वाधिक बळी त्याचेच जातात. म्हणून ट्रॉलीवरच्या पेटीला स्वतःची बॅटरी आणि लुकलुकणारा पिवळा दिवा असलाच पाहिजे. ट्रॉली थांबली की तो आपोआप पेटेल, ट्रॅक्टरची वायर तुटली तरी जळत राहील आणि ज्याच्याकडे कोणतेही यंत्र नाही त्यालाही दिसेल.

हे करण्याची सोय कोल्हापूरइतकी क्वचितच कुठे असेल. तोडणी-वाहतुकीचे करार कारखान्यांशी होतात. कोणाची ट्रॉली, कोणत्या गटात, किती खेपा, याची नोंद शेती विभागाकडे असते. प्रत्येक वाहन दिवसातून कधी ना कधी वजनकाट्यावर येतेच. त्यामुळे पेटी चालू आहे की नाही, हे तिथेच तपासता येईल. रस्त्यात पोलिसाने अडवण्याची गरज नाही. यंत्रणा लादली की ती रुजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी फास्टॅग आठवावा. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला तेव्हा किती तक्रारी होत्या. आज टोलनाक्यावर काचेवरच्या त्या चिठ्ठीला बिनतारी यंत्र ओळखते, याचे कुणाला नवल वाटत नाही. प्रवासी वाहनांना ठिकाण कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा नियमही आधीपासून आहे. म्हणजे पाया घातलेला आहे, त्यावर पुढचे काम करायचे आहे.

एकदा ही व्यवस्था उभी राहिली की तिचा उपयोग हंगामापुरता राहणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि देशाची एक मुख्य वाहतूकवाहिनी ठप्प झाली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदी एका रात्रीत एवढी चढत नाही आणि बंधाऱ्यावरची पातळी प्रशासन सतत मोजत असते. तरीही मालट्रक शेवटपर्यंत येत राहिले आणि दोन्ही बाजूंना रांगा लावून दिवसचे दिवस अडकले. बंधाऱ्यावरचा आकडा थेट वाहनांपर्यंत गेला, तर ट्रकचालक कराडला किंवा निपाणीलाच थांबेल आणि त्याला जेवण, पाणी, आसरा मिळेल. तीच गोष्ट रुग्णवाहिकेची. जिल्ह्यातून आणि कोकणातून गंभीर रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे आणले जातात. ताराराणी चौकात किंवा दाभोळकर कॉर्नरला कोंडीत अडकलेल्या १०८ च्या गाडीने सिग्नलला आधीच खबर दिली, तर तिच्या दिशेचा दिवा वेळेत हिरवा होऊ शकतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: आधी खड्डे बुजवा, अपघातप्रवण वळणे सुधारा, हेल्मेटची सवय लावा. ते केलेच पाहिजे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ पासून रस्त्याची रचना, अंमलबजावणी आणि तातडीची वैद्यकीय मदत या तीन गोष्टींवर एकत्र काम झाले आणि मृत्यू निम्म्याच्या आसपास खाली आले. मुख्यतः जुन्या, साध्या उपायांचे हे यश आहे. बिनतारी पेटी त्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्याला मदत नक्कीच करू शकते. एकाच ठिकाणी शेकडो चालक करकचून ब्रेक लावत असतील, तर तिथला रस्ता सदोष आहे, हे माणूस मरण्याआधीच कळू शकेल. आज एखादे ठिकाण धोकादायक म्हणून नोंदवले जाण्यासाठी तिथे आधी बळी जावे लागतात, ही पद्धत कोणत्याही शहाण्या समाजाला शोभत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आधीच उचल, डिझेल आणि टायर यांच्या हिशेबात पिचलेल्या वाहतूकदाराच्या माथी हा बोजा मारणे अन्यायाचे होईल. ट्रॉलीवर पेटी कारखान्याने बसवावी, सरकारने त्यात वाटा उचलावा आणि वाहतूकदाराने ती फक्त सांभाळावी. एका मोठ्या खरेदीत किंमत उतरते. शिवाय धूळ, चिखल आणि ट्रॅक्टरचे हादरे सोसणारी पेटी इथेच बनू शकते. शेतीच्या इंजिनांपासून मोटारींच्या कास्टिंगपर्यंत उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावने जे करून दाखवले, त्यापुढे हे काम अशक्य नाही. विजेवरच्या वाहनांमुळे इंजिनाच्या सुट्या भागांची मागणी बदलणार असताना इथल्या उद्योगालाही नव्या वाटा हव्याच आहेत.

तिसरा आक्षेप पाळतीचा, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. जी पेटी प्रत्येक क्षणी ठिकाण सांगते, ती माणसाच्या हालचालींची वहीही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आहे. त्याला धरून नियम आधी हवेत, यंत्रे नंतर. सुरक्षेच्या संदेशात मालकाचे नाव वा वाहन क्रमांक नसावा, त्याची तात्पुरती ओळख वारंवार बदलावी, तो साठवला जाऊ नये आणि त्यावरून दंडाची पावती फाडली जाऊ नये. खोटे संदेश पाठवून गोंधळ घालता येऊ नये यासाठी प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असावी. हे तंत्र जगात उपलब्ध आहे. ते नियमात लिहिण्याची इच्छा हवी.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. केंद्राने या लहरींच्या वापराचे आणि उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे नियम विनाविलंब पूर्ण करावेत. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने दोन-तीन कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात एका हंगामाचा प्रयोग करावा आणि त्याचे निष्कर्ष, बरे-वाईट दोन्ही, जाहीर करावेत. प्रयोग यशस्वी ठरला, तर साखर आयुक्तांनी गाळप परवान्याच्या अटींत चालू दिवा आणि चालू पेटी यांचा समावेश करावा. सहकारातून साखर कारखाने उभे करणाऱ्या या जिल्ह्याला हे जड नाही. उसाच्या प्रत्येक टनाचा हिशेब ठेवणाऱ्या कारखान्यांनी, तो ऊस गव्हाणीपर्यंत येताना वाटेत गेलेल्या प्रत्येक जिवाचाही हिशेब आता द्यायला हवा.