गाडीवरील अंक कोणाकरितां?

पाटोद्याच्या रस्त्यांत धांवणाऱ्या गाड्यांवर 'एमएच २३' ही बीड कार्यालयाची खूण दिसते. परंतु तिच्यापुढील अंक कित्येकदां वाचतांच येत नाहींत. ४१४१ वांकवून 'दादा' व २१४ चा 'राम' करण्याची हौस आमच्या तरुणांस जडली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें अक्षरें इंग्रजी व अंक साधे असावे लागतात. देवनागरी पाटीही त्यांस मान्य नाहीं. ह्यांत स्वभाषेचा अपमान कोणीं मानूं नये. गाडीचा नंबर हा मालकाचा अलंकार नसून लोकांचा हक्क आहे. धडक देऊन पळणाऱ्यास हुडकण्यास जखमी वाटसराच्या हातीं दुसरें साधन तें काय? आवडीचा नंबर सरकार जादा शुल्क घेऊन देतें. मग अंकांची मोडतोड कशाला? १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांस एकसारखी सुरक्षित पाटी सक्तीची झाली, व पुढें महाराष्ट्रांत जुन्या गाड्यांसही ती लागू केली गेली. खर्चाची कुरकुर ऐकूं येते. तथापि आमच्या व्यापारी बंधूंनीं आपल्या मालमोटारींपासूनच आरंभ करावा. दुकानावरील पाटी ज्यास स्वच्छ हवी, त्यास गाडीवरील कां नको?