मुलांची चाई आणि ‘ताणा’चे निदान

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली की ‘मनावर ताण आला असेल’ असे निदान हल्ली सहज केले जाते. मनाचा शरीराशी संबंध नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु लोणावळ्याच्या बंगल्यातील मुलाच्या बाबतीत जे निदान निरुपद्रवी ठरेल, तेच आंदर मावळातील कातकरी वाडीवरच्या मुलाचे खरे दुखणे झाकून टाकू शकते.

टक्कल दिसायला एक असले तरी व्याधी अनेक आहेत. केस तुटून खवले धरलेला चट्टा पुष्कळदा नायट्याचा असतो. एकमेकांचा कंगवा, टोपी वापरल्याने तो पसरतो आणि नुसत्या मलमाने जात नाही; कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. मोठ्या तापानंतर वा कुपोषणामुळे केस सरसकट विरळ होतात. तापाने गेलेले बहुधा परत येतात, कुपोषणाने गेलेल्यांना आधी अन्न हवे. गुळगुळीत चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ताण हे तिचे निमित्त होऊ शकते, परंतु मूळ कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. मूल स्वतःच केस उपटू लागते तेव्हा मात्र मनाचा धागा उघड दिसतो, आणि तेथे मार किंवा दटावणी नव्हे, समुपदेशन लागते.

ताण कित्येकदा केस गेल्यानंतर येतो. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात 2024 च्या डिसेंबरापासून जे घडले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. थोड्याच दिवसांत अनेक गावांतील लोकांचे, त्यांत मुलांचेही, केस गळाले. प्रथम संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. दरम्यान शिक्षणात खंड पडला, लग्ने लांबली, गावे चेष्टेचा विषय झाली. तेथे ‘ताण घेऊ नका’ एवढेच सांगून भागले असते, तर गव्हाची पोती कोणी तपासली असती?

मावळात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे आईबापाची दिवसाची मजुरी बुडणे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा तपासणी करणे अपेक्षित आहे. त्वचेचे विकार त्याच्या यादीत आहेतच. कार्यकर्त्यांनी वडगाव, कामशेत, लोणावळा भागात या भेटींची नोंद मागावी. मुलांची डोकी पाहिली का, औषध पूर्ण मिळाले का, हे विचारावे. आणि उपचार चालू असेपर्यंत मुलाला टोपी घालून वर्गात बसू द्यावे, एवढे तरी मुख्याध्यापकांकडून आजच मान्य करून घ्यावे. त्याला निधी लागत नाही.