वंशावळीत आजी कुठे आहे?

इंदापूरला गेलं की मालोजीराजे भोसल्यांची गढी दाखवतात. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्याच लढाईत पडले. मग कुणीतरी वंशावळ सांगू लागतो. बाबाजींचे मालोजी आणि विठोजी, मालोजींचे शहाजी आणि शरीफजी. बापाखाली लेक, लेकाखाली नातू. ऐकताना वाटतं, या घराण्यात पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला!

शहाजी-शरीफजींची आई फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक. तिचं नाव कुठे दीपाबाई लिहिलेलं असतं, तर कुठे उमाबाई. नवरा कुठे पडला ते गावाला पाठ आहे. पण त्याच्यामागे जिनं दोन लहान पोरं सांभाळली, तिच्या नावावरही एकमत नाही.

आणि हे घराणं मोठं झालं ते का फक्त तलवारीवर? निंबाळकर जुने, नावाजलेले देशमुख. त्यांची सोयरीक म्हणजे भोसल्यांची पत वाढली. पुढे १६४० साली शिवाजीराजांशी लग्न झालं त्या सईबाईही निंबाळकरांच्याच. त्यांची लेक सखुबाई पुन्हा फलटणला, मामाच्याच घरी दिली. म्हणजे चार पिढ्यांत तीन लेकी या घरातून त्या घरात गेल्या. दोन घराण्यांचा सांधा बायकांच्या आयुष्यावर उभा राहिला, आणि वंशावळीत मात्र त्याची एक ओळसुद्धा नाही.

बारामतीची गोष्टही ऐका. मोरोपंतांना आश्रय देणाऱ्या बाबूजी नाईकांचा वाडा सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचे भाऊ आबाजी यांना दिलेली भिऊबाई ही थोरल्या बाजीरावाची बहीण, हे किती जणींना माहीत असतं? १७४० साली बाजीराव गेला तेव्हा बाबूजी स्वतःच पेशवेपदासाठी उभे राहिले. एकीकडे दीर, दुसरीकडे भाचा. माहेर-सासर समोरासमोर आल्यावर मधल्या बाईचं काय होतं, हे वंशावळ विचारत नाही.

मैत्रिणींनो, राजघराण्यांची ही कथा आपल्याला कशाला? तर हाच कागद आज आपल्या दारात येतो म्हणून. बाप वारला की वारस नोंद करायची असते. अर्जाबरोबर वंशावळ जोडायची, तीही प्रतिज्ञापत्रावर. ती लिहितं कोण? बहुधा भाऊ किंवा चुलता. कधी बहिणींची नावं गाळलीच जातात. कधी नावं लागतात, आणि रक्षाबंधनाच्या आगेमागे हक्कसोडीचा कागद पुढे येतो. "ताई, एक सही कर."

कायदा तर आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ सालच्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या वेळी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. आधीच रीतसर वाटप झालेलं असेल तर गोष्ट वेगळी.

मग बायका सही का करतात? "माहेर तुटेल" म्हणून. ही भीती खोटी नाही. नवऱ्याने मारलं तर जायचं कुठे, हा प्रश्न तिच्यामागे असतो. म्हणून सही करणाऱ्या बाईला आपण नावं ठेवू नयेत. पण एवढं जरूर विचारावं, की जमीन मागितल्याने जे माहेर तुटतं, ते अडचणीच्या दिवशी किती टिकेल? आणि ऊस-पाण्याच्या या पट्ट्यात जमिनीची किंमत भावाला कळते, तर बहिणीला का कळू नये?

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने कागद घ्या. खाली स्वतःचं नाव लिहा. वर आईचं, त्याच्या वर आजीचं, मग पणजीचं. प्रत्येकीचं माहेरचं गाव लिहा. पणजीपाशी बहुतेक जणींची लेखणी थांबेल. ती का थांबली, यावर बोला. मग माहेरचा सातबारा काढून आणा आणि त्यावर कुणाची नावं आहेत ते सगळ्याजणी मिळून वाचा. हक्कसोडीच्या कागदावर न वाचता, एकटीने सही करायची नाही, हेही तिथेच ठरवा.

दीपाबाईंची वंशावळ दुसऱ्यांनी लिहिली. आपली आपण लिहू या.