मोटार मागच्या सीटवरून पाहावी

यंदा स्मरणिकेसाठी आजारांविषयी न लिहिता काही निराळे लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. म्हणून आपल्या मंडळींत सध्या वारंवार निघणारा विषयच घेतो : छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह मोटार कुटुंबासाठी घ्यावी काय? जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ही नावे ज्यांच्या पावसाळी रविवारांशी जोडलेली आहेत, त्या बेळगावकर डॉक्टरांना हा मोह होणे स्वाभाविक आहे. मलाही झाला.

आमचे मूळ गाव कणकुंबीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. पावसाळ्यात त्या तांबड्या मातीच्या वाटेवर साधी मोटार नेणे म्हणजे ती तिथेच ठेवून येणे. आणि गणेशचतुर्थी नेमकी पावसात. आईचे वय ब्याऐंशी. ‘एकदा तरी नातीच्या बाळाला घेऊन गावच्या गणपतीला जाऊ’ हा तिचा आग्रह.

तेव्हा जून २०२३ मध्ये बाजारात आलेली पाच दारांची मारुती जिम्नी पाहावयास गेलो. लांबी चार मीटरच्या आत, पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, सहा एअरबॅग आणि चढणीसाठी लो-रेंजची सोय. जुन्या जिप्सीची आठवण यावी असा सरळ, प्रामाणिक बांधा. विक्रेत्याने ती चिखलाच्या खड्ड्यातून लीलया बाहेर काढली आणि मी लहान मुलासारखा हरखलो. मग मी नातवाची बेबी सीट बसवून पाहू या, असे म्हटले. तो तरुण हसून म्हणाला, “सर, घाटापुरता बाळ आजीच्या मांडीवर बसेल की!”

त्या वाक्याने मी भानावर आलो. कारण ते वाक्य एके काळी माझेच होते. १९९८ साली, एम.डी. होऊन दोनच वर्षे झालेली असताना, तीन वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर सौ.च्या मांडीवर घेऊन आम्ही याच रस्त्याने निघालो होतो. जांबोटीच्या अलीकडे म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. वेग फार नव्हता, तरी मुलीचे कपाळ डॅशबोर्डवर आदळले. भुवईला चार टाके पडले. ती खूण आजही आहे, आणि दीड वर्षाचा नातू तिच्याच कडेवर असतो.

मांडीचा भरवसा किती, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातील गाडी टक्कर होऊन अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर दहा किलोचे बाळ धरून ठेवण्यास सुमारे दोनशे किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्या आईच्या हातांत असेल? शिवाय तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड, मान कोवळी. म्हणून त्याची सीट मागे तोंड करून, मागच्या बाकावर हवी. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तर ती कधीच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसीट बंधनकारक केली आहे. दंड हजार रुपये. पण प्रश्न हजार रुपयांचा नाही.

आता फोर-व्हील-ड्राइव्हविषयी. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी चिखलातून निघते, हे खरे. परंतु ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. ओल्या डांबरावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर, ब्रेक आणि आपला वेग ठरवतात. शिवाय जिम्नीतली ही सोय गरजेपुरती जोडण्याची आहे. कोरड्या डांबरावर ती जोडून वळणे घेतल्यास पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचा मेळ बसत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे घराच्या दारापासून गावच्या फाट्यापर्यंत आपण साधीच मोटार चालवत असतो. जिच्यासाठी एवढा खर्च करायचा, ती सोय आमच्या उपयोगी पडणार फक्त शेवटचे दोन किलोमीटर.

आणि जिम्नीत जागा चारच. आम्ही पाच जण. मागची सीट उभी असता सामानाला २०८ लिटर जागा. तीन दारांच्या धाकट्या जिम्नीला २०१८ साली युरो एनकॅपच्या चाचणीत पाचपैकी तीन तारे मिळाले होते, हेही विसरता येत नाही. २०२० ची तीन दारांची थार ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळवून गेली. पण तीत मागे शिरण्यासाठी पुढची सीट वाकवावी लागते. गुडघे धरलेल्या आईला ते अशक्य. २०२४ ची थार रॉक्स पाच दारांची, पाच जणांची, भारत एनकॅपचे पाच तारे असलेली; मात्र तिला छोटी म्हणवत नाही.

माझे मत असे : आडवळणाच्या आरोग्य केंद्रात एकट्याने जा-ये करणाऱ्या आपल्या तरुण सहकाऱ्याने जिम्नी खुशाल घ्यावी. त्याला ती रोज उपयोगी पडेल. कुटुंबासाठी मात्र परीक्षा मागच्या सीटवरून सुरू करावी. बालसीट पक्की बसते का, आजीला चढता येते का, प्रत्येकाला स्वतःचा पट्टा आहे का, हे आधी पाहावे. चिखलाचा खड्डा शेवटी.

आम्ही जुनीच मोटार ठेवली, नवे टायर घातले, बालसीट बसवली. गेल्या चतुर्थीला फाट्यावर मोटार उभी केली. आईला पुतण्याच्या जीपने नेले आणि नातवाला कडेवर घेऊन मी चालत गेलो.

वैद्यकबंधूंना एकच विनंती. लसीकरणाला आलेल्या पालकांना वजन, उंची, आहार विचारतो, तसेच एवढेही विचारावे : “बाळ मोटारीत कुठे बसून आले?” मला हे १९९८ साली कोणी विचारले नव्हते.