नियम ब्रुसेल्सचा, प्रतिवादी अंकारा

जागतिक व्यापार संघटनेच्या दप्तरी एक जुना खटला आहे. वादी भारत, प्रतिवादी तुर्कस्तान. जानेवारी १९९६ पासून तुर्कस्तानने भारतीय कापड आणि तयार कपड्यांच्या १९ प्रकारांवर कोटा लावला, ही तक्रार. ऑक्टोबर १९९९ मध्ये अपील मंडळाने अखेरचा निकाल दिला. भारत जिंकला. पुढे २००१ मध्ये दोन्ही देशांत समझोता झाला. निकाल योग्यच होता. आपल्या मालावर कोटा लावायला तुर्कस्तानकडे कायद्याचा आधार नव्हता.

पण त्या खटल्यात प्रतिवादीच्या बाकावर एकटा तुर्कस्तान का होता?

हा कोटा अंकारात कुणाच्या मनात आला म्हणून लागला नव्हता. युरोपीय संघाबरोबरचा तुर्कस्तानचा सीमाशुल्क संघ (आपसात शुल्क नाही, बाहेरच्यांसाठी सामाईक दर) त्याच वेळी सुरू झाला आणि युरोपच्या कापडधोरणाशी जुळवून घेणे ही त्यातली अट होती. युरोपचे भारतीय कापडावर कोटे होते. तुर्कस्तानचे दार उघडे राहिले असते, तर तोच माल तिथून युरोपात शिरला असता. तुर्कस्तानने जिनिव्हातल्या सुनावणीत हेच मांडले: कोटे लावले नसते, तर युरोपने आमच्या कापडाला मोकळी वाट दिली नसती आणि युरोपला होणाऱ्या आमच्या निर्यातीत कापडाचा वाटा ४० टक्के आहे. अपील मंडळाने उत्तर दिले, की मालाच्या मूळ देशाचे दाखले तपासूनही हे काम झाले असते. उत्तर रास्त होते, पण ते ब्रुसेल्सलाही ऐकवायला हवे होते. युरोपीय संघ त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. पंचांनी त्याला काही प्रश्न विचारले, त्याने उत्तरे दिली, एवढेच. नियम ज्याचा, तो साक्षीपुरता. नियम पाळला त्याच्यावर ठपका.

तीस वर्षे झाली, घडी तीच आहे. बाहेरच्या देशांच्या औद्योगिक मालावर किती आयात शुल्क घ्यायचे, हे तुर्कस्तानसाठी युरोप ठरवतो. ते ठरते त्या खोलीत तुर्कस्तानला मत नाही.

सदस्य होऊ पाहणाऱ्या उमेदवार देशाने युरोपीय संघाच्या व्यापारधोरणाशी जुळवून घेतलेच पाहिजे, यात वाद नाही. सर्बियाचे उदाहरण घ्या. चीनशी केलेला त्याचा मुक्त व्यापार करार १ जुलै २०२४ पासून लागू आहे. युरोपीय संघात शिरायच्या दिवशी तो त्याला मोडावा लागेल. मात्र त्याच दिवशी त्याला ब्रुसेल्समध्ये खुर्ची मिळेल, मत मिळेल. दर ठरवण्याचा हक्क सोडायचा आणि सामाईक दर ठरवण्यात वाटा घ्यायचा, हे दोन्ही एकाच दिवशी. २००४ मध्ये पोलंडचे असेच झाले. तुर्कस्तानने हक्क १९९६ लाच सोडला. वाटा अजून मिळायचा आहे.

आणि तो मिळण्याची वाटही बंद आहे. सदस्यत्वाच्या वाटाघाटी २००५ मध्ये सुरू झाल्या. सायप्रसच्या जहाजांना बंदरे खुली केली नाहीत म्हणून २००६ मध्ये वाटाघाटींतली आठ प्रकरणे गोठवली गेली. त्यात सीमाशुल्क संघाचेही प्रकरण आहे. सायप्रसच्या बाबतीत दोष तुर्कस्तानचा होता, तो झाकण्याचे कारण नाही. लोकशाहीच्या बाबतीत तर अधिकच. परंतु ज्याला सदस्य करायचेच नाही, त्याच्याकडून सदस्याची शिस्त किती काळ मागायची?

आता हा प्रश्न पुन्हा आपल्यापर्यंत येतो. भारत आणि युरोपीय संघ यांनी मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर केले. करार लागू झाला की आपला माल सवलतीच्या दराने हॅम्बुर्गला उतरेल. एकदा तिथे शुल्क भरून मोकळा झाला, की सीमाशुल्क संघाच्या नियमाने तो इस्तंबूलला जाऊ शकतो. तुर्की माल मात्र न्हावा-शेव्याला उतरला की पूर्ण शुल्क भरणार, कारण भारताने सवलत युरोपला दिली आहे, तुर्कस्तानला नाही. तुर्कस्तानने भारताशी स्वतंत्र करार करावा, अशी यातली अपेक्षा आहे. पण समोरच्या देशाने तो का करावा? त्याचा माल युरोपमार्गे आत शिरतोच आहे. जपानचा युरोपशी करार २०१९ पासून लागू आहे, तुर्कस्तानशी अजून नाही. मेक्सिकोचा युरोपशी करार २००० सालापासूनचा, तिथेही तेच. मग तुर्कस्तान अशा मालावर मूळ देश पाहून वाढीव शुल्क लावतो, आणि हे सीमाशुल्क संघाच्या नियमात बसत नाही म्हणून ब्रुसेल्स त्याला खडसावते.

तुर्कस्तानविषयी आपल्याकडे सध्या जिव्हाळा नाही आणि त्याला कारणे आहेत. मे २०२५ मध्ये पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, ती उगाच नव्हे. दिल्ली अंकाराशी करार करायला घाई करील असे नाही, करावी असेही नाही. पण राग तुर्कस्तानच्या पाकिस्तानधोरणावर आहे. त्यासाठी युरोपचा अन्याय न्याय्य ठरत नाही.

सीमाशुल्क संघ सुधारण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१६ मध्येच मांडला होता. सदस्य देशांनी २०१८ मध्ये पुढचे काम थांबवले. तो प्रस्ताव बाहेर काढायला तुर्कस्तानला सदस्य करण्याची गरज नाही. व्यापार कराराचा मसुदा ठरतो त्या बैठकीत तुर्की अधिकाऱ्याला बसू द्यावे, मत नसले तरी बोलू द्यावे. आणि जो देश युरोपशी करार करील, त्याने ठरलेल्या मुदतीत तुर्कस्तानशीही बोलणी सुरू करावीत, असे बंधन करारातच घालावे. भारताशी झालेला करार लागू होण्यापूर्वी हे ब्रुसेल्सला करता येईल.