रेघेची जाडी रंगावर का अवलंबून ठेवायची? कॅड ड्रॉइंगमधल्या सीटीबी फाइलची गोष्ट

बांधकाम परवानगीचं काम आता झपाट्याने ऑनलाइन होतंय. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. आर्किटेक्टने कॅड फाइल पोर्टलवर अपलोड करायची आणि सॉफ्टवेअरने ती तपासायची, ही पद्धतही आता रुळली आहे. यात चर्चा होते ती एफएसआयची आणि फीची. पण ड्रॉइंग ऑफिसबाहेर पडताना हमखास मागे राहणाऱ्या एका फाइलबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तिचं नाव सीटीबी.

सीटीबी म्हणजे काय?

पूर्वीच्या प्लॉटरमध्ये खरोखरची पेनं बसवलेली असायची. लाल रेघेला एक नंबरचं पेन, पिवळ्या रेघेला दोन नंबरचं, असं ठरवून द्यायचं. म्हणजे स्क्रीनवरचा रंग हा खरं तर पेनचा नंबर होता. पेनवाले प्लॉटर गेले, पण सवय राहिली. ऑटोकॅड २००० मध्ये प्लॉट स्टाइल टेबल आली आणि तीच सवय एका फाइलमध्ये बसवली गेली. ऑटोकॅडच्या मूळ यादीत २५५ रंग आहेत. प्रत्येक रंगाची रेघ कागदावर कोणत्या रंगात, किती जाड आणि किती फिकट छापायची, हे सीटीबीत लिहिलेलं असतं.

ऑफिसमध्ये हे छान चालतं. भिंत हिरवी काढली की ०.५० मिमी, डायमेन्शन पिवळं काढलं की ०.१८ मिमी, आणि छापताना सगळं काळं. नवीन ड्राफ्ट्समनला पहिल्याच दिवशी हा तक्ता पाठ करायला लावतात.

अडचण कुठे येते?

डीडब्ल्यूजी फाइलमध्ये सीटीबीचं फक्त नाव साठवलेलं असतं. आतली माहिती नसते. तुम्ही ड्रॉइंग स्ट्रक्चरल कन्सल्टंटला किंवा प्लॉटिंगच्या दुकानात मेल केलं आणि सीटीबी सोबत दिली नाही, तर समोरच्याकडे ड्रॉइंग उघडतं, पण प्रिंट वेगळी येते. लेयरला वेगळी जाडी दिली नसेल तर सगळ्या रेघा ०.२५ मिमीच्या येतात, तेही रंगीत. काळ्या स्क्रीनवर ठळक दिसणारी पिवळी डायमेन्शन पांढऱ्या कागदावर जवळपास नाहीशी होतात. भिंत कुठली आणि फर्निचर कुठलं, हे साइटवरच्या मिस्त्रीला कळत नाही.

परवानगीच्या नकाशात याची दुसरी बाजू दिसते. तिथे रंगाला नियमानुसार अर्थ असतो. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचमध्ये. घाईत कोणी मोनोक्रोम सीटीबी निवडून पीडीएफ काढली, तर हे सगळं काळं होतं. नवं काय आणि पाडायचं काय, हा फरकच कागदावरून पुसला जातो.

तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवीन कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं. दरवर्षीचं सबस्क्रिप्शन परवडत नाही म्हणून अनेक लहान ऑफिसं ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅडकडे वळली. ही सॉफ्टवेअर सीटीबी वाचतात, पण ती फाइल आठवणीने न्यावी लागते. जुना कॉम्प्युटर फॉरमॅट झाला आणि कॉपी नसेल, तर २५५ ओळींचा तक्ता पुन्हा बसवत बसा.

मग एसटीबी का नाही?

उपाय तेव्हाच दिला होता. एसटीबी पद्धतीत स्टाइलला नाव असतं, जसं ‘भिंत’ किंवा ‘बारीक’, आणि ते नाव लेयरला जोडतात. रंग मोकळा राहतो. कागदावर ही पद्धत जास्त शहाणपणाची आहे. तरीही ती फारशी रुजली नाही, आणि मला त्यात आळस दिसत नाही. एक ड्रॉइंग एका वेळी एकाच पद्धतीत असू शकतं. दहा जणांबरोबर फायली फिरवायच्या असतील आणि नऊ जण सीटीबीवर असतील, तर दहावाही सीटीबीवरच राहतो. रूपांतराची कन्व्हर्टपीस्टाइल्स ही कमांड आहे, पण ती समोरच्याची सवय बदलत नाही.

माझ्या मते व्यवहार्य मार्ग

पद्धत सीटीबीचीच ठेवा, पण तिच्यावरचा भार कमी करा.

१. जाडी लेयरमध्ये द्या. प्रत्येक लेयरला लाइनवेट ठरवून द्या आणि वस्तूंचं लाइनवेट ‘बायलेयर’ ठेवा. सीटीबीत जाडीच्या जागी ‘ऑब्जेक्टचं लाइनवेट वापरा’ हा पर्याय ठेवा. ऑटोकॅडसोबत येणारी मोनोक्रोम सीटीबी मुळात अशीच असते. म्हणजे तुमची खास फाइल नसली तरी समोरच्याची प्रिंट बरोबर येते.

२. कागदावर रंगीतच हवं ते ट्रू कलरने काढा. ट्रू कलरला सीटीबीचा नियम लागत नाही, तो जसाच्या तसा छापला जातो. लाल-पिवळ्या हॅचसाठी हे सोयीचं आहे. काळ्या प्रिंटमध्ये एखादी रेघ उगाच रंगीत आली, तरी पहिला संशय ट्रू कलरवरच घ्या.

३. फाइल पाठवताना ईट्रान्समिट वापरा आणि त्यात प्लॉट स्टाइलच्या फायली घेतल्या आहेत का ते बघा. सोबत पीडीएफ द्या, म्हणजे मूळ प्रिंट कशी हवी ते समोरच्याला दिसतं.

४. स्टाइल्समॅनेजर कमांडने उघडणाऱ्या फोल्डरची एक कॉपी आजच बाहेर ठेवा.

पहिला मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परवानगीचं सॉफ्टवेअर प्लॉट, बिल्डिंग, मजला ओळखतं ते ठरवून दिलेल्या लेयरच्या नावांवरून. आपण मात्र अजून रंगावरून ओळखतो. त्यामुळे एकाच ऑफिसात दोन भाषा चालतात आणि त्यांचा मेळ घालायचं काम रात्री उशिरापर्यंत ड्राफ्ट्समन करत बसतो. लेयर नीट लावले, तर पोर्टलचं काम आणि प्रिंटचं काम एकाच मेहनतीत होतं. चालू ड्रॉइंगला हात लावू नका. पुढच्या प्रोजेक्टच्या टेम्पलेटपासून सुरुवात करा, तेवढं पुरे आहे.