जडेजा देऊन संजू: सुपरस्टारचा सौदा मोबाईलवर कसा मोजायचा?

१५ नोव्हेंबर २०२५. शनिवार. सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी सकाळी कोणी मेसेज टाकत नाही, पण त्या दिवशी दुपारपर्यंत अडीचशे मेसेज झाले होते. चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि बदल्यात संजू सॅमसन घेतला. दोन देऊन एक. सोमवारी हिंजवडी फेज २ च्या टपरीवर चहा घेतानाही तेच. एक जण म्हणाला, "संजू म्हणजे पुढचा धोनी." दुसरा म्हणाला, "अरे, २०२३ च्या फायनलला शेवटच्या दोन बॉलवर दहा रन कोणी काढले? त्याला देऊन टाकलं?"

दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनीही काही मोजलं नव्हतं. मी इंजिनिअर आहे, मला शीट उघडल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्याही मोबाईलमध्ये गुगल शीट्स असेलच. चला, बघू.

आधी प्रश्न नीट मांडू. दोन खेळाडू देऊन एक घेतला, तर तुमच्या टीममध्ये एक जागा रिकामी होते. त्या जागेवर कोण खेळणार? बेंचवरचा माणूस. हिंजवडीत बेंच म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायला नको. तर सौदा "जडेजा + करन विरुद्ध संजू" असा नसतो. तो "जडेजा + करन विरुद्ध संजू + बेंचवरचा कोणीतरी" असा असतो. भांडणात ही चौथी व्यक्ती सगळे विसरतात, आणि सौद्याचा निकाल बहुतेक वेळा तीच लावते.

आता दुसरी गोष्ट: एका माणसाच्या हातात खेळाचा किती भाग असतो?

ही सुपरस्टारसाठी पाच-पाच खेळाडू देण्याची पद्धत अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधली. तिथे कोर्टवर पाचच जण आणि ४८ मिनिटांचा खेळ. स्टार त्यातली ३५-३६ मिनिटं खेळतो, म्हणजे तीन चतुर्थांश वेळ तो समोर असतो. अटॅकही करतो, डिफेन्सही करतो, आणि प्रत्येक वेळी बॉल त्याच्याकडे देता येतो. म्हणून तिथे एका माणसासाठी अर्धी टीम देणं निदान कागदावर तरी वेडेपणा वाटत नाही.

टी-ट्वेंटीमध्ये नियमच आडवा येतो. एका मॅचमध्ये दोन्ही इनिंगचे मिळून २४० बॉल. जगातला सर्वात भारी बॉलर आणा, त्याला ४ ओव्हर, म्हणजे २४ बॉल. कॅप्टनने कितीही मनात आणलं तरी पंचविसावा बॉल देता येत नाही. ओपनर समजा ३० बॉल खेळला, तर २४० पैकी साडेबारा टक्के. आणि जडेजासारखा ऑलराउंडर? २० बॉल बॅटिंग, २४ बॉल बोलिंग, एकूण ४४. म्हणजे १८ टक्के. फिल्डिंग वेगळीच. (संजू कीपिंग करतो, ते त्याच्या बाजूने धरा.)

आता शीटमध्ये आकडे टाकू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, कोणाच्या खऱ्या रेकॉर्डचे नाहीत. समजा तुमचा स्टार ओपनर १५० च्या स्ट्राइक रेटने खेळतो आणि बेंचवरचा १३० ने. ३० बॉलमध्ये फरक किती? ४५ वजा ३९, सहा रन. आता समजा तुमचा स्पिनर ओव्हरला साडेसात देतो आणि बेंचवरचा नऊ. चार ओव्हरमध्ये फरक? तोही सहा रन. एकाच्या सिक्सवर स्टेडियम उठून नाचतं, दुसऱ्याच्या सातव्या ते पंधराव्या ओव्हरमधल्या डॉट बॉलच्या वेळी लोक वडापाव आणायला जातात. शीटमध्ये दोन्ही सेल सारखेच दिसतात.

मग चेन्नई चुकली का? थांबा, पैसे अजून धरले नाहीत.

संजू १८ कोटींत चेन्नईला आला. जडेजा चेन्नईत १८ कोटींवर होता, राजस्थानला तो १४ कोटींत गेला. करन २ कोटी ४० लाख. म्हणजे चेन्नईचे २०.४ कोटी सुटले आणि १८ लागले. वर वर पाहता २.४ कोटींचा फायदा. पण मग १६ डिसेंबरला अबू धाबीत लिलाव झाला. चेन्नईला डावखुरा स्पिन टाकणारा आणि खाली येऊन मारणारा माणूस हवाच होता, म्हणजे जडेजाच हवा होता! त्यासाठी त्यांनी उत्तर प्रदेशच्या प्रशांत वीरला घेतलं. भारतासाठी एकही मॅच न खेळलेला विशीतला मुलगा, बेस प्राइस ३० लाख. किंमत गेली १४ कोटी २० लाखांवर.

पुन्हा एकदा वाचा. खरा जडेजा राजस्थानला १४ कोटींत, आणि जडेजाच्या जागेवरचा मुलगा चेन्नईला १४.२० कोटींत. आधी जडेजा + करन २०.४ कोटी, आता संजू + वीर ३२.२ कोटी. बेंचवरची चौथी व्यक्ती म्हणालो ती हीच. वीर कदाचित कमाल करेल, मला त्याच्याबद्दल काही वाकडं बोलायचं नाही. पण चेन्नईच्या खिशात लिलावाला जाताना ४३.४० कोटी होते आणि त्यांना काय हवंय हे समोरच्या नऊ टीमना माहीत होतं. घाईच्या गिऱ्हाईकाला भाव कसा लागतो, ते वाकड चौकात पावसात रिक्षा शोधणाऱ्याला विचारा.

राजस्थानचा हिशोब इतका साफ नाही. करन परदेशी आहे, आणि टीममध्ये परदेशी आठच ठेवता येतात. राजस्थानने हसरंगा आणि तीक्षणा दोघांनाही सोडलं. आणि कॅप्टन गेला तो वेगळाच. २०२५ मध्ये हे दोघं तळाला होते हेही लक्षात ठेवा, दोघांच्या चौदापैकी चार-चार विजय. चेन्नई शेवटची, राजस्थान त्यांच्या वर.

चेन्नईच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा वयाचा आहे. ट्रेडच्या वेळी संजू नुकताच ३१ चा झाला होता, जडेजा ६ डिसेंबरला ३७ चा झाला, धोनी ४४ चा. "पुढच्या दहा वर्षांचा विचार केला" असं टपरीवर सगळे म्हणतात. पण आयपीएलमध्ये दहा वर्षं नसतातच. मोठा लिलाव साधारण तीन वर्षांनी होतो, मागचा २०२५ च्या सीझनसाठी झाला. म्हणजे हातात पक्के दोन सीझन, २०२६ आणि २०२७. त्यानंतर कोणाला ठेवायचं याचा पहिला हक्क चेन्नईकडे असेल, त्याला किंमत आहे, पण ती दहा वर्षांची नाही. मला विचाराल तर बॅटिंगची गरज खरी होती, संजू बरोबर होता, फक्त त्याच्यासाठी करन आणि पैसे यावर भागलं असतं तर बघायला हवं होतं. राजस्थान त्यावर तयार झालं असतं असंही नाही म्हणा.

आता आपल्या घरची गोष्ट. हिंजवडीहून एक्सप्रेसवेच्या बाजूला गेलं की गहुंजेचं स्टेडियम. २०१७ ला तिथे रायझिंग पुणे सुपरजायंट खेळायची. आदल्या वर्षी आठ टीममध्ये सातवी. मग बेन स्टोक्सला १४.५ कोटींत घेतलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलवर सगळे म्हणाले पैसे पाण्यात गेले. स्टोक्सने १ मे ला गहुंजेवरच गुजरातविरुद्ध नाबाद १०३ काढले आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुपरस्टारचा पैसा वसूल!

पण त्याच टीममध्ये जयदेव उनाडकट ३० लाखांचा होता. त्याने २४ विकेट काढल्या, म्हणजे विकेटला सव्वा लाख. पुण्याचा राहुल त्रिपाठी १० लाखांचा, त्याचे ३९१ रन. आणि प्लेऑफ आले तेव्हा स्टोक्स इंग्लंडला परत गेला होता. स्टोक्सशिवाय पुण्याने वानखेडेवर मुंबईला हरवलं, १७ वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने तीन विकेट काढल्या. फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये ११ हवे होते. एका रनने हरलो. तिथे स्टोक्स असता तर? हा प्रश्न मला अजून त्रास देतो, आणि तो माझ्या शीटच्या विरोधात जातो, हेही मान्य करतो. (पुढच्या वर्षी राजस्थानने उनाडकटला ११.५ कोटी दिले. विकेट आल्या ११.)

स्टार नसतानाचा दिवस, हा कॉलम मी शीटमध्ये नंतर टाकला, आणि तो क्रिकेटवरून नाही तर नोकरीवरून सुचला. आधीच्या एका कंपनीत आमच्या टीममधले तीन जण कमी करून एक मोठा आर्किटेक्ट आणला. माणूस खरंच हुशार, एकट्याने तिघांचं काम करायचा. मग त्याला डेंग्यू झाला. दोन आठवडे रिलीज अडकली, कारण पेमेंटचा तो भाग दुसऱ्या कोणी उघडून पाहिलेलाच नव्हता. कमी केलेल्या तिघांपैकी एक माझा रूममेट होता. त्याच आठवड्यात त्याला त्याच मॅनेजरचा फोन आला, "जरा दोन मिनिटं कॉलवर येतोस का?"

आणि ज्या खेळात स्टारचा वाटा खरंच मोठा असतो, तो आपल्याकडेही आहे: कबड्डी. मॅटवर सातच जण. पुणेरी पलटणने दहाव्या सीझनला इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २.३५ कोटींत घेतलं आणि मार्च २०२४ मध्ये विजेतेपद जिंकलं. पुढच्या सीझनला तो हरियाणाकडे गेला, २.०७ कोटींत. हरियाणा चॅम्पियन, तेही आपल्या बालेवाडीत, आणि पलटण प्लेऑफमध्येही नव्हती. वाटलं, झालं, सुपरस्टारच सगळं काही! मग बाराव्या सीझनला शादलू २.२३ कोटींत गुजरातला गेला. गुजरात प्लेऑफबाहेर. आणि अस्लम इनामदारची पलटण गुणतक्त्यात पहिली येऊन थेट फायनलपर्यंत, दिल्लीकडून फक्त तीन गुणांनी हरली. दहाव्या सीझनलाच तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाख ओतले होते. २२ पैकी दोन मॅच जिंकल्या.

शादलू तोच होता. पुण्यात आणि हरियाणात त्याच्याभोवती टीम तयार होती, गुजरातमध्ये त्याने टीम तयार करावी अशी अपेक्षा होती.

खुद्द बास्केटबॉलमध्येही हेच घडलंय. २०२३ मध्ये फिनिक्सने केविन ड्युरंटसाठी मिकाल ब्रिजेस, कॅमरन जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार निवडीचे हक्क देऊन टाकले. २०२४ ला पहिल्याच फेरीत ४-० ने बाहेर, २०२५ ला प्लेऑफच नाही, आणि मग ड्युरंटही ह्यूस्टनला. जिथे स्टार पाऊण वेळ खेळतो तिथे ही गत. देऊन टाकलेली माणसं मात्र परत मिळाली नाहीत.

हार्दिकचं काय, असं कमेंटमध्ये विचारणार हे माहीत आहे. मुंबईने त्याला २०२३ ला पैसे देऊन घेतलं, थेट बदल्यात खेळाडू दिला नाही, पण त्या पैशांची सोय कॅमरन ग्रीनला बंगळुरूला देऊन झाली. २०२४ ला मुंबई शेवटची. गुजरातही आठवी, म्हणजे सौद्यात दोघंही हरले. रोहितची कॅप्टन्सी आणि वानखेडेवरची हुर्यो शीटमध्ये कुठे टाकायची हे मला आजही कळत नाही.

आता सीझन सुरू झाला की एकच गोष्ट बघा. आपला थेरगावच्या अकादमीत घडलेला ऋतुराज चेन्नईचा कॅप्टन आहे. चेपॉकवर सातव्या ते पंधराव्या ओव्हरमध्ये तो बॉल कोणाच्या हातात देतो आणि त्या ओव्हरना किती रन जातात, हे दर मॅचला शीटमध्ये लिहा. शेजारच्या कॉलममध्ये जडेजाचे आकडे. संजूचे सिक्स मोजायला बाकीचा देश आहेच.